दिल्ली प्रांतातील ग्रामचित्रे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीच्या चित्रकारांनी कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांसाठी काढलेली खेडी, शेते आणि शेतकरी यांची जलरंगचित्रे. कंपनी शैलीत मोडणाऱ्या या चित्रांत विल्यम फ्रेझर (१७८४–१८३५) याचा संग्रह सर्वांत सरस.

फ्रेझर महसूल बंदोबस्ताच्या कामानिमित्त हा मुलूख पालथा घालत असे. त्याचा थोरला भाऊ जेम्स बेली फ्रेझर स्वतः निसर्गचित्रकार होता; त्याने काढलेल्या हिमालयाच्या दृश्यांचा संच १८२० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. या भावांनी १८१५ ते १८१९ च्या सुमारास दिल्लीच्या चित्रकारांकडून नव्वदहून अधिक चित्रे करून घेतली. ती गुलाम अली खाँ आणि त्याच्या घराण्यातील चित्रकारांची मानली जातात. हरियाणातील रानिया हे गाव आणि तिथली माणसे त्यांत दिसतात; फ्रेझरची सहचारिणी अमीबन याच गावची.

तुलनेसाठी त्याच काळातले इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलचे ‘द हे वेन’ घ्या; ते १८२१ चे. त्यातली गाडी आणि गाडीवान झाडे, पाणी, आभाळ यांच्या पसाऱ्यात सामावून जातात. दिल्लीच्या चित्रकाराची रीत नेमकी उलटी. आभाळ आणि जमीन तो थोडक्यात आटोपतो आणि सगळी बारकाई चेहऱ्यांवर, पागोट्यांच्या पिळांवर, घोंगडीच्या वळ्यांवर खर्ची घालतो. अनेक चित्रांवर त्या त्या माणसाचे नावही लिहिलेले आहे. दरबारी तसबिरींवर तयार झालेला हात खेड्यात आला, पण तिथेही त्याने तसबीरच काढली. निसर्गचित्र म्हणून यात उणेपणा वाटेल. शेतकऱ्याला मात्र इतका मान युरोपीय दृश्यचित्रांत क्वचितच मिळाला.

मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा दुसरा आश्रयदाता म्हणजे जेम्स स्किनर. इंग्रजांकडे जाण्यापूर्वी तो १८०३ पर्यंत दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेत होता. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने आयरिश साहसी सरदार जॉर्ज थॉमसकडून हरियाणातील हांसी घेतली, त्या मोहिमेतही तो लढला. पुढे त्याच हांसीला त्याची जहागीर झाली. तिथल्या त्याच्या शेताचे गुलाम अली खाँने १८२८ च्या सुमारास काढलेले चित्र लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. इथे जमीन हाच चित्राचा विषय. मालकाला आपले वैभव दाखवायचे होते, हे उघड आहे.

 

फ्रेझर घराण्याच्या कागदपत्रांत हा संग्रह १९७९ मध्ये सापडला. पुढच्याच वर्षी लिलावात चित्रे सुटी सुटी विकली गेली आणि जगभरच्या संग्रहांत पांगली.