घड्याळ कोणाचं?

मी मूळचा साताऱ्याचा, पण इंजिनिअरिंगला सांगलीत होतो. 2003 साल. हॉस्टेलवर दहा-बारा असेंबल केलेले पीसी, एक जुना हब आणि खिडक्यांतून लोंबणाऱ्या लॅन केबल्स, एवढ्यावर आमचं काउंटर स्ट्राइक रात्री अकराला सुरू व्हायचं. सर्व्हर होता एका मित्राच्या मशीनवर. गेम उघडायचा, 'न्यू गेम' दाबायचं की झालं. मग तोच मशीन सर्व्हर, आणि तोच मित्र खेळाडू!

आणि हा मित्र कायम जिंकायचा. आधी वाटलं, बाबाचा हातच चांगला असेल. मग स्कोअरबोर्डवरच्या आकड्याकडे लक्ष गेलं. त्याचा पिंग शून्य. शिवाय त्याच्या मशीनला गेम दाखवायचा आणि सर्व्हर चालवायचा, अशी दुहेरी हमाली, त्यामुळे गर्दी झाली की बाकीच्यांचं चित्र अडखळायचं. आणि गडी वैतागून उठला, की सगळ्यांचाच खेळ बंद.

एका रात्री जोरदार भांडण झालं, आणि त्यातून आम्ही शहाणे झालो. कोणीच वापरत नव्हतं असा एक पीसी घेतला, मॉनिटर काढून टाकला आणि त्यावर हाफ-लाइफचा डेडिकेटेड सर्व्हर चढवला. आयपी पक्का, पोर्ट 27015, मॅप्सची यादी एका फाईलमध्ये. आता सर्व्हर खेळत नव्हता, फक्त निवाडा करत होता. त्या दिवसापासून "मी आधी मारलं" हे भांडण मिटलं. आधी कोण, हे तो डबा ठरवणार. राहता राहिलं लोडशेडिंग. त्यावर इलाज नव्हता :)

गंमत म्हणजे खेळणारा आणि निवाडा करणारा वेगळे हवेत, हे सांगलीला फार आधीपासून माहीत होतं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 मध्ये तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या सांगलीच्याच. बुद्धिबळाच्या स्पर्धेत पट, घड्याळ आणि पंच या तीन गोष्टी कोणाच्याच बाजूच्या नसतात. घड्याळ बिघडलं तर पंच ते थांबवतो, बदलतो आणि वेळ ठरवून देतो. कोणीतरी सतरंज्या घालतो, जोड्या लावतो, घड्याळांना चावी देतो, तेव्हा कुठे दुसरा कोणी चॅम्पियन होतो. सर्व्हर चालवणं म्हणजे तरी दुसरं काय असतं?

हाच प्रश्न इंटरनेटवर आला 1992 मध्ये. अमेरिकेत इंटरनेट चेस सर्व्हर सुरू झाला. टेलनेटने जोडायचं आणि अक्षरं-रेघांनी काढलेल्या पटावर चाली टाईप करायच्या. अडचण आली ती घड्याळाची. चाल तुमच्याकडे पोचायला दोन सेकंद, उत्तर परत जायला दोन सेकंद. ही चारही सेकंदं तुमच्याच खात्यातून जायची. पाच मिनिटांच्या डावात चाळीस चाली म्हटल्या तर 160 सेकंद नुसती तारेत! ज्याची लाइन चांगली, तो चांगला खेळाडू. म्हणजे आमच्या हॉस्टेलचीच गोष्ट.

सर्व्हरचं काम हाती घेतलेल्या डॅनियल स्लीटर या कॉम्प्युटर सायन्सच्या प्राध्यापकाने यावर उपाय काढला. चाल पडद्यावर कधी आली आणि उत्तर कधी दिलं, हे खेळाडूच्याच मशीनवरचा छोटा प्रोग्राम नोंदवणार, आणि सर्व्हर फक्त विचाराचा वेळ कापणार. आता खेळाडूच्या मशीनवर विश्वास ठेवायचा म्हणजे लबाडीला दार उघडं. म्हणून त्या नोंदीवर एक प्रकारचं सील हवं. पुढे अशाच एका प्रोग्रामचं नावच 'टाइमसील' पडलं.

1995 मध्ये हा सर्व्हर इंटरनेट चेस क्लब झाला आणि त्याला वर्गणी लागली. काहींना ते पटलं नाही. फुकट चाललेल्या गोष्टीला पैसे का, असा त्यांचा सवाल. त्यांनी त्याच वर्षी फ्री इंटरनेट चेस सर्व्हर उभा केला, स्वयंसेवकांच्या जिवावर. मला दोन्ही बाजू पटतात. सर्व्हर फुकट असतो तेव्हा कोणीतरी त्याची किंमत रात्री जागून चुकवत असतो.

आता तुम्ही म्हणाल, खेळच तो, एवढं काय त्यात? तर 30 ऑगस्ट 2020 आठवा. लॉकडाऊनमुळे ऑलिम्पियाड ऑनलाइन भरवलेलं, फायनल भारत विरुद्ध रशिया. आपला कॅप्टन नाशिकचा विदित गुजराथी. जगभरच्या इंटरनेट बिघाडात निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचे कनेक्शन तुटले आणि दोघंही वेळेवर हरले. आधी रशिया विजेता जाहीर झाला. भारताने दाद मागितली, आणि शेवटी फिडेने दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं. सर्व्हरच्या घड्याळाने हिशोब चोख केला होता, पण न्याय करायला माणूसच लागला. (तीच दिव्या 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकली, हे जाता जाता.)

असो. आमचा तो बिनमॉनिटरचा डबा सांभाळायचा माझा एक साताराकर रूममेट. खेळायचा अगदी थोडा. लाइट आली की सर्व्हर परत चालू करायचा, कोणी फार शिव्या दिल्या तर त्याला दोन दिवस बाहेर ठेवायचा. स्कोअरबोर्डवर कोण पहिलं असायचं ते आज एकालाही आठवत नाही. परवा भेटलो तेव्हा मात्र सगळ्यांनी एकच विचारलं, "काय रे, सर्व्हर चालू आहे ना?"