ट्रकच्या काचेवर पाणी उडत नाहीये? नवी वॉशर मोटर घेण्याआधी हे तपासा

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या बाहेर हायवेवर ट्रक धावतोय. पुढच्या डंपरमधून उडालेली धूळ थेट काचेवर. ड्रायव्हर वॉशरचं बटण दाबतो, पण पाणी येत नाही. वायपर मात्र सुरू होतो आणि कोरड्या धुळीवर फिरून काचेवर राखाडी पट्टा ओढतो. त्यात समोरून ऊन. आता पुढचं काहीच दिसत नाही.

ट्रकचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर तो एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जातो. म्हणजे तीन सेकंद दिसलं नाही, तर ट्रक ५० मीटर आंधळा धावला.

आणि यामागे कारण असतं मुठीत मावेल एवढा एक पंप.

नागपूरच्या ट्रकना हा त्रास जास्त का?

श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि हजिरा ते पारादीप जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, हे दोन्ही नागपुरातून जातात. शिवाय आजूबाजूला कोळशाच्या खाणी आणि कोराडी, खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं आहेत. त्यामुळे कोळसा, राख, वाळू, गिट्टी यांची वाहतूक सतत सुरू असते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. या उष्णतेत पाण्याची टाकी लवकर रिकामी होते, रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. त्यात टाकी बोअरवेलच्या जड पाण्याने भरली, तर क्षार साचून बारीक छिद्रं बुजतात.

ही सिस्टीम चालते कशी?

यात मोजून पाच-सहा गोष्टी असतात. पाण्याची प्लॅस्टिकची टाकी, तिच्या तळाशी रबरी बुशमध्ये बसवलेला छोटा पंप (गॅरेजमध्ये याला वॉशर मोटर म्हणतात), तिथून निघणारी नळी आणि काचेखाली असलेले नोझल. विजेच्या बाजूला फ्यूज, स्टिअरिंगजवळचा स्विच आणि अर्थिंगची वायर.

बटण दाबलं की मोटर फिरते, आतलं छोटं पातं पाणी ढकलतं आणि नोझलमधून फवारा उडतो. महत्त्वाचं म्हणजे मोटरला थंड ठेवण्याचं कामही हेच पाणी करतं. म्हणून टाकी रिकामी असताना बटण दाबत राहिलं, तर मोटर जळू शकते.

आधी कान द्या

दुरुस्तीची सुरुवात पान्याने नाही, कानाने करायची. ट्रक सपाट जागी उभा करा, हँडब्रेक ओढा, चाकाला ओट लावा. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा. एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने टाकीजवळ कान द्यायचा.

१. मोटरचा आवाज येतो, पण पाणी येत नाही: मोटर बहुधा ठीक आहे, अडचण पाण्याच्या वाटेवर आहे. टाकीत पाणी आहे का बघा. मग पंपाजवळची नळी काढून बटण दाबा. तिथे जोरात पाणी आलं, तर पुढची नळी दुमडली, फाटली किंवा नोझल तुंबलं आहे. तिथेही पाणी आलं नाही, तर टाकीच्या तळाशी गाळ साचलाय किंवा पंपाची जाळी बुजली आहे.

२. पाणी येतं, पण चार-पाच वेळा बटण दाबल्यावर: नळीतलं पाणी परत टाकीत उतरतंय. नळीत एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो खराब झालेला असू शकतो.

३. आवाजच येत नाही: अडचण विजेची आहे. आधी फ्यूज बघा. तो ठीक असेल, तर पंपाची वायर काढून टोकांना टेस्ट लॅम्प लावा आणि बटण दाबायला सांगा. दिवा लागला, म्हणजे वीज पोहोचतेय आणि मोटर खराब आहे. दिवा लागला नाही, तर टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला लावून बघा. आता लागला, तर अर्थिंग सुटलंय. तरीही लागला नाही, तर स्विच किंवा वायरिंग तपासा.

जुन्या ट्रकमध्ये बऱ्याचदा मोटर चांगली असते आणि गंजलेलं अर्थिंग किंवा हिरवट पडलेला कनेक्टर दगा देतो. तो पॉलिश पेपरने घासला तरी काम होतं. ही पाच मिनिटांची तपासणी न करता मोटर बदलली, तर पैसे जातात आणि पाणी तरीही येत नाही.

मोटर बदलायचीच असेल तर

चावी बंद करा, बॅटरीचं कनेक्शन काढा. टाकी रिकामी करा. पंपाची वायर आणि नळी काढा. पंप हलकेच फिरवत रबरी बुशमधून ओढला की बाहेर येतो. टाकी आतून स्वच्छ धुवा, नाहीतर तोच गाळ नव्या पंपात जाईल. बुश कडक झाला असेल तर तोही बदला, गळती इथूनच होते. नवा पंप बसवताना बुशला थोडं साबणाचं पाणी लावलं की तो सहज बसतो.

दुकानात एक गोष्ट नक्की सांगा: गाडी किती व्होल्टची आहे. मोठ्या ट्रकमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टची सिस्टीम असते, तर लहान मालवाहू गाड्या १२ व्होल्टवर चालतात. १२ ची मोटर २४ वर लावली तर जळते. २४ ची मोटर १२ वर लावली तर फवारा काचेपर्यंत पोहोचत नाही. वायर उलट्या जोडल्या तरी मोटर उलटी फिरून जोर कमी पडतो. त्यामुळे जुनी मोटर सोबत न्या आणि जुळवून घ्या.

नोझल आणि पाणी

तुंबलेलं नोझल बारीक टाचणीने साफ करा. नोझल वळवता येत असेल, तर फवारा काचेच्या मध्याच्या थोडा वर पडेल असा ठेवा. वेगात वाऱ्यामुळे तो खाली येतो.

टाकीत गाळलेलं, शक्यतो आरओचं पाणी आणि थोडं वॉशर लिक्विड घाला. कपडे धुण्याची पावडर नको, ती फेस करते आणि नोझल बुजवते. रेडिएटरचं कूलंट तर अजिबात नको, काच तेलकट होते. हिवाळ्यात हीच गाडी उत्तरेकडे काश्मीरपर्यंत जाणार असेल, तर साधं पाणी गोठून पंप फुटू शकतो. तेव्हा न गोठणारं लिक्विडच भरा.

फिटनेसचा प्रश्न

आठ वर्षांहून जुन्या ट्रकला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि त्या तपासणीत काच आणि वायपरही बघितले जातात. पण ही तारीख वर्षातून एकदाच येते, धूळ रोज उडते.

खिडकीतून हात काढून बाटलीने काचेवर पाणी मारणारे ड्रायव्हर आपण सगळ्यांनीच बघितलेत. त्यावेळी त्यांचा एकच हात स्टिअरिंगवर असतो. म्हणून उद्या गाडी काढण्याआधी एकदा बटण दाबून बघा. आणि तुमच्या ओळखीत कुणी ट्रक चालवत असेल, तर त्यांनाही विचारा: काचेवर पाणी येतंय ना?