फळा

गोंदियाहून बालाघाटकडे निघालं की वाटेत राज्य बदलतं आणि वर्गातल्या भिंतीवरच्या वस्तूचं नावही. हिंदीत तो ‘श्यामपट’, म्हणजे काळेपणा नावातच. मराठी ‘फळा’ मात्र संस्कृत ‘फलका’तून आला. फलक म्हणजे लाकडी फळी; तिचा रंगाशी संबंध नाही. म्हणूनच हा शब्द टिकला, असं मला वाटतं. लाकूड गेलं, भिंतीवरच सिमेंटचा काळा चौकोन आला, मग हिरवी काच, पांढरा पत्रा, आता विजेवर चालणारा पडदा. तरी ‘हिरवा फळा’, ‘पांढरा फळा’, ‘डिजिटल फळा’ म्हणताना जीभ अडखळत नाही.

फळ्याच्याही आधीची धूळपाटी. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर गिरवायचं, हात फिरवून मोडायचं. ‘धुळाक्षरं’ तिथलीच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं (इ. स. ११५०) गणितही ‘पाटीगणित’च म्हणवतं.

१९८७ साली केंद्राचं ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ सुरू झालं. एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक, किमान दोन खोल्या, शिकवण्याचं साहित्य. मराठीत ते ‘खडू-फळा योजना’ झालं. रंग गळला, शेजारी खडू आला. नाव ठेवणाऱ्याला वर्ग नीट ठाऊक होता. खडूवाचून फळा ही नुसतीच फळी.