कोरेगाव भीमाचा जयस्तंभ: दगडावरची नावं वाचताना

भोसरीहून आळंदी, मरकळ, तुळापूर, लोणीकंद असं निघालं की पेरणे फाट्याजवळ, भीमेच्या अलीकडे, जयस्तंभ लागतो. आपल्यासाठी अर्ध्या दिवसाची ट्रिप. पण "तिकडे जाऊन आलो" म्हटलं की लोक विचारतात, "तिकडे कशाला?" त्यामागचा खरा प्रश्न असतो, "तू कुणातला?" म्हणून आजचा भाग या स्तंभावर.

आधी लढाई. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन सुमारे ८०० सैनिक घेऊन शिरूरहून पुण्याकडे निघाला. सकाळी समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज. ग्रँट डफ आकडा देतो २८,००० चा, पण प्रत्यक्ष गावात घुसून लढलेले त्यातले थोडेच, आणि त्यांत अरब बरेच. कंपनीची माणसं कोरेगावात शिरली आणि दिवसभर अन्नपाण्याविना लढली. रात्री पेशव्यांची फौज मागे हटली. स्टॉन्टनही पुण्याला पोचला नाही, शिरूरला परतला. मग जिंकलं कोण? कंपनीने १८२१ मध्ये पायाभरणी करून स्तंभ उभारला आणि विजय आपल्या नावावर लिहून टाकला.

पण त्याच दगडावर मेलेल्यांची नावंही कोरली. कंपनीची ४९ नावं, त्यातली २२ शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे महार सैनिकांची. बाकीच्यांत मराठे, राजपूत, मुसलमान, ज्यूसुद्धा. ही यादी वाचली की "एक जात विरुद्ध दुसरी जात" एवढ्यात ही लढाई बसत नाही.

मग एक जानेवारीला लाखो लोक का येतात? माझ्या मते उत्तर १८१८ पेक्षा त्यानंतरच्या शंभर वर्षांत जास्त आहे. १८९२ मध्ये इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी जुन्या सेवेचा दाखला देत ती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, पलटणही मोडली. अशा वेळी, १ जानेवारी १९२७ ला, सुभेदाराचा मुलगा असलेले बाबासाहेब इथे आले. ज्यांना अस्पृश्य म्हणून हाकललं जात होतं, त्यांच्याकडे सरकारनेच दगडात कोरलेला लेखी पुरावा होता. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

२०१८ ला, लढाईला २०० वर्षं होताना, इथे हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला, ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. तेव्हापासून "कोण जिंकलं" यावरच सगळे भांडतात. लढाईच्या निकालावर वाद जरूर घाला, कागदपत्रं आहेत. पण तो निकाल कसाही लागला तरी ती २२ नावं खोडली जात नाहीत.

गेलात तर एखाद्या साध्या दिवशी जा. कंपनीची फुशारकी मराठीतही कोरलेली आहे, ती वाचा. मग नावांच्या बाजूला या आणि सगळीच्या सगळी वाचा. भेटू पुढच्या भागात.