स्मृती आणि संस्कार : आकारस्मृती तारेच्या इतिहासावरील एक टिपण

मुंबईच्या उपनगरांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत मेकॅट्रॉनिक्स हा विषय आता चांगलाच रुळला आहे. त्याच्या अभ्यासात एका बारीक तारेची गाठ पडते. निकेल आणि टिटॅनियम यांच्या मिश्रधातूची ही तार विजेचा प्रवाह सोडताच तापून आखडते, टांगलेले वजन उचलते आणि निवाल्यावर त्याच वजनाच्या ओढीने पुन्हा लांबते. मोटर नाही, दंतचक्र नाही. हालचाल घडविणारा घटक, म्हणजे ॲक्च्युएटर, ती तारच होय. या पदार्थास आपण ‘आकारस्मृती मिश्रधातू’ म्हणतो. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाविज्ञान आहे, धातुविज्ञान नव्हे. तथापि ‘स्मृती’ हा शब्द या तारेच्या इतिहासाचा कोणता भाग उजेडात आणतो आणि कोणता झाकतो, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्याही अधिकारात येतो.

या इतिहासाचा आरंभ सोन्यापासून होतो. सोने आणि कॅडमियम यांच्या मिश्रधातूचे रबरासारखे वर्तन आर्ने ओलांदर या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1932 साली नोंदविले. त्याच मिश्रधातूत, वाकविलेला तुकडा तापविताच पूर्वीचा आकार घेतो, हे चँग आणि रीड यांनी 1951 साली दाखविले. 1958 च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनात या मिश्रधातूकडून वजन वारंवार उचलून घेणारे उपकरण मांडण्यात आले. आपल्याकडे भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे मुंबईतील कार्य सुरू झाले, तेही याच वर्षी. पवईच्या आवारात तिची कोनशिला 1959 च्या मार्चमध्ये बसली. वजन उचलण्याची कल्पना, म्हणजे ॲक्च्युएटरची कल्पना, इतक्या लवकर सुचली होती. परंतु सोन्याच्या मिश्रधातूवर उद्योग उभा राहणे शक्य नव्हते.

स्वस्त पदार्थ हाती आला तो अनपेक्षितपणे. अमेरिकेच्या नौदलाच्या मेरीलँडमधील शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर हे क्षेपणास्त्राच्या नाकाडासाठी धातू शोधीत असता निकेल-टिटॅनियमकडे वळले. 1961 साली एका बैठकीत या मिश्रधातूची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. डेव्हिड मझी या शास्त्रज्ञाने आपल्या पाइपचा लायटर तिच्याखाली धरला आणि पट्टी ताडकन उलगडली. निकेल, टिटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे यांतून ‘नितिनॉल’ हे नाव घडले. या नावात स्मृतीचा उल्लेखही नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यात केवळ घटक आहेत आणि जन्मस्थान आहे.

यापुढील पहिला मोठा उपयोग मात्र तारेचा नव्हता. 1970 च्या सुमारास अमेरिकेच्या एफ-14 विमानाच्या द्रवचालित नळ्या जोडण्यासाठी या जातीच्या मिश्रधातूच्या बाह्या वापरल्या गेल्या. द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड करून रुंदावलेली बाही नळ्यांच्या तोंडांवर सरकवावी. ती सभोवतालच्या उष्णतेने आकसते आणि सांधा पक्का करते. याच घराण्यातील काम आपल्या उपनगरातही झाले आहे. ट्रॉम्बे येथे 1954 साली स्थापन झालेल्या आणि 1967 पासून भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ‘तेजस’ या लढाऊ विमानातील नळ्यांसाठी आकारस्मृती मिश्रधातूच्या बाह्या विकसित केल्या. अशा बाहीला आयुष्यात एकदाच आठवावे लागते. एकदा आकसली की तिचे कार्य संपले. तारेला लाखो वेळा आठवावे लागते, आणि तेथेच खरी अडचण आहे.

नितिनॉल एकदाच ताणून तापविले तर सुमारे 8 टक्के विकृती परत घेते. परंतु दीर्घकाळ काम करावयाचे तर ती 3 ते 4 टक्क्यांवरच ठेवावी लागते. एक मीटर तार फार तर चार सेंटिमीटर आखडेल, असा याचा अर्थ. 0.15 मिलिमीटर व्यासाची तार सुमारे 300 ग्रॅम वजन ओढते. तापण्यास तिला एखादा सेकंद पुरतो, पण निवणे आसपासच्या हवेवर अवलंबून असते, म्हणून गती मंदावते. निकेलचे प्रमाण एका टक्क्याने बदलले तर रूपांतराचे तापमान सुमारे 100 अंशांनी सरकते. भार अधिक झाला किंवा तापविणे अतिरेकाचे झाले, तर तार हळूहळू लांबतच जाते आणि अखेर तुटते. 1980 नंतरच्या दशकात जपानमध्ये दाई होम्मा, शिगेओ हिरोसे आदींनी यंत्रमानवाच्या अवयवांसाठी या तारांवर काम केले आणि आखडण्याची खात्री देणाऱ्या तारा बाजारात आल्या. 1997 साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या गाडीत अशाच एका तारेने सौरघटावरील काचेचे झाकण हलविले, जेणेकरून साचलेल्या धुळीचा परिणाम मोजता यावा. 1951 ते 1980 नंतरचे दशक, एवढा काळ का लागला? कारण तारेची स्मृती आरंभीच ज्ञात झाली होती. तिच्या विस्मृतीचा अभ्यास व्हावयाचा होता.

येथे आपल्या परंपरेतील एक विवेचन उपयोगी पडते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त संस्काराचे तीन भेद सांगितले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. गुंडाळलेली चटई सोडताच पूर्वस्थितीला जाते, तो स्थितिस्थापक. अनुभवातून उपजून स्मृतीला कारण होते, ती भावना. न्यायमतात संस्कार सुप्त असतो आणि उद्बोधक मिळाला म्हणजेच स्मृती होते. आपली तार साध्या स्प्रिंगसारखी नाही, कारण ताण काढला तरी ती वाकलेलीच राहते. उष्णतेची वाट पाहते. म्हणजे तिचे वर्तन स्थितिस्थापकापेक्षा भावनेच्या अधिक जवळचे आहे. सुमारे 500 अंश सेल्सिअसला तिला इष्ट आकारात बांधून ठेवणे हा संस्कार, विजेने येणारी उष्णता हा उद्बोधक, आणि आखडणे ही स्मृती. भावना मात्र न्यायमतात केवळ आत्म्याचा गुण आहे. तेव्हा धातूच्या संदर्भात हे रूपकच, हे विसरता कामा नये.

‘आकारस्मृती’ हा शब्द या तीन पायऱ्यांपैकी केवळ शेवटची सांगतो. विद्यार्थ्याला त्यामुळे असे वाटते की आठवणे हा धातूचा स्वभावच आहे, आणि तार दगा देते तेव्हा दोष कोठे शोधावा हे त्याला उमगत नाही. रूढ झालेला शब्द बदलावा असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु तारेला आकार देण्याच्या उष्णोपचारास ‘आकारसंस्कार’ आणि वापराने तिच्या आखडण्यात पडणाऱ्या घटीस ‘आकारविस्मृती’ असे म्हटले, तर मराठीतून शिकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संपूर्ण प्रक्रिया उभी राहील. मनुष्याची भावना आवृत्तीने दृढ होते. तारेची आवृत्ती आरंभी तिला स्थिरावते आणि पुढे थकविते. रूपक संपते ते याच ठिकाणी, आणि अभियंत्याचे काम सुरू होते तेही येथूनच.