संगीत संशयकल्लोळ : एका तसबिरीचा घोटाळा

'संगीत संशयकल्लोळ' हे गोविंद बल्लाळ देवल यांचे विनोदी नाटक. नवरा-बायकोने एकमेकांवर घेतलेला संशय, हा त्याचा विषय. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ साली रंगभूमीवर आणले. शंभर वर्षे उलटून गेली तरी अजून त्याचे प्रयोग होतात. आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांना त्यातील पदे पाठ आहेत. पण त्यांच्या नातवंडांपैकी अनेकांनी नाटकाचे नावही ऐकलेले नसेल. घरातील दोन्ही पिढ्यांच्या हाताशी असावी म्हणून ही माहिती आम्ही येथे एकत्र करून देत आहोत.

बेळगावचे नाते

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी सांगलीजवळच्या हरिपूर येथे झाला, पण त्यांचे शिक्षण बेळगावात झाले. आपल्या खानापूरपासून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर. त्या शाळेत अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांचे शिक्षक होते. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे हे अण्णासाहेब १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या कानडी मुलखातल्या गावी जन्मले. योगायोग असा की त्याच साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, आणि त्याला निमित्त झाले होते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचे. पुढे अण्णासाहेबांनी १८८० साली 'शाकुंतल' केले, तेव्हा त्यांच्या पदांच्या चालींमध्येही कानडी चाली होत्या. मराठी नाटकाच्या जन्मात कानडी मुलखाचा वाटा किती, हे यावरून ध्यानात येईल. सीमाभागात राहणाऱ्या आपण मंडळींनी तर हे विसरू नये.

मॅट्रिक झाल्यावर देवल बेळगावातच शिक्षक झाले. नंतर ते नाटक मंडळीत आले आणि नटांना तालीम देणारे मास्तर म्हणून नावाजले गेले. किर्लोस्कर मंडळीत आलेल्या तरुण नारायण राजहंसांना, म्हणजे बालगंधर्वांना, अभिनयाचे धडे मिळाले ते देवलांकडून.

मूळ कथा कोठून आली

कथेचा प्रवास मोठा आहे. फ्रान्समध्ये मोलिएरने १६६० साली 'स्गानारेल' नावाचे छोटे प्रहसन लिहिले. त्यातील बायकोच्या संशयाने पछाडलेल्या नवऱ्याचे काम तो स्वतः करीत असे. त्यावरून आर्थर मर्फी या लेखकाने 'ऑल इन द राँग' हे इंग्रजी नाटक रचले. ते १७६१ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात झाले. देवलांनी मर्फीचे नाटक समोर ठेवून १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले. त्यालाच पुढे पदांची जोड देऊन 'संगीत संशयकल्लोळ' तयार झाले.

१४ जून १९१६ रोजी देवल निवर्तले. नाटकाचा संगीत अवतार त्यांच्या पश्चात त्याच वर्षी रंगभूमीवर आला. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती अशी ती जोडी होती. बोडसांच्या फाल्गुनरावाचा दाखला पुढची कित्येक वर्षे दिला जात असे. अलीकडच्या काळात प्रशांत दामले यांनी फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे यांनी अश्विनशेठ रंगवला. २०१३ साली याच नावाचा मराठी चित्रपटही येऊन गेला.

कथानक थोडक्यात

फाल्गुनराव हे मध्यमवयीन, खाऊनपिऊन सुखी गृहस्थ आणि कृत्तिका त्यांची तरुण बायको. दोघेही स्वभावाने संशयी. रेवती नायकिणीच्या घरी वाढलेली, पण मनाने अश्विनशेठची झालेली. अश्विनशेठने तिला आपली तसबीर दिलेली आहे.

एके दिवशी रस्त्यात रेवतीला घेरी येते. फाल्गुनराव तेथे असतात, ते तिला सावरतात. नेमके हेच कृत्तिकेच्या दृष्टीस पडते : आपला नवरा एका तरुण बाईला धरून उभा आहे! त्या गडबडीत रेवतीजवळची तसबीर पडते आणि कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबिरीतला देखणा चेहरा न्याहाळत असताना फाल्गुनराव येतात. आता त्यांची पाळी : आपली बायको परपुरुषाची तसबीर बघते आहे! ते तसबीर हिसकावून घेतात. पुढे अश्विनशेठला कळते की आपण रेवतीला दिलेली तसबीर या गृहस्थापाशी आहे. मग त्याचाही रेवतीवरचा विश्वास उडतो. शिवाय घरचा गडी भादव्या इकडचे तिकडे करतोच, त्यामुळे आगीत तेल पडत राहते. शेवटी सगळे समोरासमोर येतात, ज्याचे त्याचे बोलणे होते आणि घोटाळा उलगडतो.

पात्रांच्या नावांतही गंमत आहे. पुरुषांना महिन्यांची नावे आणि स्त्रियांना नक्षत्रांची. भाद्रपदाचा तर भादव्या झाला. घरातील मुलांना पंचांग उघडून दाखवावे : रेवती हे सत्ताविसावे नक्षत्र, आणि त्याला लागूनच पहिले नक्षत्र अश्विनी. म्हणजे अश्विनशेठ आणि रेवती हे आकाशात शेजारी शेजारी. फाल्गुन महिन्याची पौर्णिमा मात्र फाल्गुनी नक्षत्रांच्या आसपास होते. कृत्तिका तेथून बरीच लांब. एका घरात राहून लांब राहणाऱ्या जोडप्याला ही नावे चांगली शोभतात.

पुरावा खरा, निष्कर्ष खोटा

या नाटकात खलनायक नाही, आणि ही त्याची सर्वांत मोठी खूण आहे. कोणी मुद्दाम कपट करत नाही. कृत्तिकेने जे पाहिले ते खरेच घडलेले होते. फाल्गुनरावांनी जे पाहिले तेही खरे. अश्विनशेठची तसबीर खरोखरच भलत्या माणसाच्या हाती होती. प्रत्येकाचा पुरावा खरा, आणि प्रत्येकाचा निष्कर्ष साफ खोटा. मधली एकच गोष्ट कोणी करत नाही, ती म्हणजे शांतपणे विचारणे.

आमची उमर बँकेत गेली, म्हणून तेथला दाखला देतो. एखाद्या रकमेचा हिशेब लागत नसला, तर ती लगेच कोणाच्याही खात्याला नावे टाकत नाहीत. ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. मग व्हाउचर शोधतात, संबंधित शाखेला विचारतात, आणि खुलासा आला की योग्य त्या खात्यात वळती करतात. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या संसारात असे सस्पेन्स खातेच नाही. दिसले की टाकले जोडीदाराच्या नावे! प्रेक्षक हसतो, कारण त्याच्याकडे दोन्ही बाजूंची व्हाउचरे आहेत आणि पात्रांकडे एकाच बाजूचे.

याच देवलांनी त्याआधी तीन वर्षे, १८९० साली, शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले होते, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. ऑथेल्लोच्या कथेत एक हातरुमाल भलत्याच्या हाती सापडतो आणि निरपराध बायकोचा जीव जातो. 'संशयकल्लोळ'मध्ये एक तसबीर भलत्याच्या हाती सापडते आणि नाट्यगृह हास्याने भरून जाते. वस्तू तेवढीच क्षुल्लक, संशयही तोच. फरक एवढाच की तेथे खुलाशाला उशीर होतो, येथे तो वेळेत होतो. ही दोन्ही नाटके एकापाठोपाठ वाचली तर देवलांना या विषयाचे दोन्ही शेवट किती नीट ठाऊक होते हे समजते.

देवल आणि लग्नाचा प्रश्न

लग्न हा देवलांच्या नाटकांत वारंवार येणारा विषय आहे. 'मृच्छकटिक' त्यांनी संस्कृतवरून मराठीत आणले. त्यातील वसंतसेना ही गणिका असून एकनिष्ठ आहे. १८९९ सालच्या 'शारदा' या स्वतंत्र नाटकात त्यांनी म्हाताऱ्या नवऱ्याला कोवळी मुलगी देण्याच्या रूढीवर कोरडे ओढले. या रांगेत 'संशयकल्लोळ' ठेवून पाहिले की रेवतीकडे वेगळ्या नजरेने बघता येते.

रेवती नायकिणीच्या घरची. अशा मुलीवर संशय घ्यायला त्या काळी पुराव्याची गरजच नव्हती. तिचा जन्म हाच पुरावा मानला जाई. देवलांनी मात्र तिला हास्याचा विषय केले नाही. हास्य आहे ते फाल्गुनरावांसारख्या प्रतिष्ठित गृहस्थाचे. अब्रूदार घरात संशयाचा धुरळा, आणि जिच्या घराला समाज नावे ठेवतो तिची निष्ठा स्वच्छ, अशी ही उलटी मांडणी आहे. अखेर अश्विनशेठ आणि रेवती यांचे जुळते. त्या काळाच्या मानाने हे साधे पाऊल नव्हते.

दुसरे असे की, निष्ठेची परीक्षा येथे एकट्या बायकोला द्यावी लागत नाही. कृत्तिकाही नवऱ्याकडे जाब मागते. तरीही तराजू सारखा नव्हता हे खरे. १८९३ साली नवऱ्याने संशय घेतला तर बाईला माहेरचे दार सोडून दुसरे दार नव्हते, आणि तेही उघडेल याची खात्री नव्हती. अशा काळात भरल्या नाट्यगृहाला संशयी नवऱ्यावर हसवणे, यात विनोदापेक्षा जास्त काहीतरी होते.

आज कशासाठी वाचावे

आज तसबिरीची जागा मोबाइलने घेतली आहे. रात्री उशिरा वाजलेला मेसेज, बदललेला पासवर्ड, कोणाच्या तरी फोटोखालचा बदाम, एवढ्यावर घरे विसकटतात. आपल्या भागातील कितीतरी तरुण पोटासाठी गोव्यात, पुण्यात, मुंबईत असतात. कोणी आखातात आहेत. घरची माणसे इकडे. दोघांच्या मध्ये फक्त फोन. फोन लागला नाही की फाल्गुनराव जागा होतो, किंवा कृत्तिका. आणि शेजारीपाजारी, नात्यागोत्यात एखादा भादव्या असतोच, जो अर्धवट पाहिलेले पूर्ण करून सांगतो.

अशा वेळी वडीलधाऱ्यांनी उपदेश केला तर तरुण ऐकतीलच असे नाही. पण त्यांना हे नाटक दाखवले, तर हसता हसता त्यांचे त्यांनाच कळेल. दुसऱ्याचा संशय रंगमंचावर हास्यास्पद दिसला की आपलाही जरा तपासून पाहावासा वाटतो.

सगळाच संशय खोटा असतो, असे मात्र हे नाटक सांगत नाही आणि आम्हीही सांगत नाही. संसारात फसवणूकही होते. पण खरे असो वा खोटे, ते कळण्याचा रस्ता एकच : ज्याच्याविषयी शंका आहे त्यालाच आधी, समोर बसवून विचारणे, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकून घेणे.

प्रयोग करू इच्छिणाऱ्यांसाठी

देवलांच्या निधनाला शतक उलटून गेल्याने त्यांच्या मूळ संहितेवर आता लेखकाचा हक्क उरलेला नाही. मंडळाला, शाळेला किंवा एखाद्या कुटुंबालाही ती मोकळेपणाने वाचता-करता येते. मात्र कोणी नव्याने केलेली रंगावृत्ती वापरायची असेल तर त्यांची परवानगी घ्यावी लागेल.

गाणारी माणसे आणि ऑर्गन-तबल्याची साथ मिळत नाही, म्हणून अनेक जण संगीत नाटकाचा नाद सोडतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की हे नाटक मुळात गद्य होते. पदे वगळूनही कथा जराही लंगडी होत नाही. नुसते अभिवाचन करायचे तर पाच-सहा जण, तितक्याच खुर्च्या आणि एक तसबीर एवढ्यावर भागते. पहिल्या अंकापासून सुरुवात करावी. फाल्गुनरावाचे काम घरातील सर्वांत संशयी माणसाला द्यावे, आणि कृत्तिकेचे काम त्याच्या बायकोने करावे. तालीम होईपर्यंत निम्मी भांडणे मिटलेली असतील.