कार्डाच्या चिपमध्ये गणित कोण करतं? एस्टोनियाच्या साडेसात लाख कार्डांची गोष्ट

३ नोव्हेंबर २०१७. त्या मध्यरात्री एस्टोनियाच्या सरकारने आपल्याच लोकांच्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची डिजिटल प्रमाणपत्रं थांबवली. देशाची लोकसंख्या जेमतेम १३ लाख. याच कार्डाने तिथले लोक बँकेत लॉगिन करतात, करारांवर सही करतात आणि घरबसल्या मतदानही करतात. बरं, कुणी कार्ड हॅक केल्याचं उघड झालेलं नव्हतं. चिपमधल्या एका शॉर्टकटमुळे ही वेळ आली होती.

तो शॉर्टकट समजून घ्यायचा तर अशा चिपवर प्रोग्राम कसा लिहितात ते आधी बघावं लागेल. आणि हे आपल्यापासून फार लांबचं नाही. तुमचं डेबिट कार्ड, फोनमधलं सिम, ई-टेंडर भरताना लागणारं डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन, या सगळ्यांच्या पोटात याच जातीची चिप असते.

सोनेरी चौकोनामागचा कॉम्प्युटर

कार्डावर दिसणारा सोनेरी चौकोन म्हणजे चिप नव्हे, ती फक्त जोडणीची टोकं. खरी चिप त्याच्या मागे. तिला बॅटरी नाही, स्क्रीन नाही, घड्याळही रीडरचंच. रीडरमध्ये घातलं की वीज मिळते आणि काढलं की जाते. कामाची मेमरी काही किलोबाइट, म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला ‘गुड मॉर्निंग’चा फोटोही त्यात मावणार नाही.

कार्ड स्वतःहून कधी बोलत नाही. रीडर काही बाइटची आज्ञा पाठवतो, कार्ड उत्तर देतं आणि शेवटी दोन बाइटचा निकाल जोडतं. ९००० म्हणजे काम झालं. ६३सी२ म्हणजे पिन चुकला, दोन संधी उरल्या. ६९८३ म्हणजे पिन लॉक. सही करायची असली तरी गुप्त चावी बाहेर येत नाही. कागदपत्राचा छोटा सारांश आत जातो आणि सही बाहेर येते. स्मार्ट कार्डाचा सगळा अर्थ एवढ्यातच आहे.

यासाठी १९९६ साली जावा कार्ड नावाची व्यवस्था आली. भाषा जावाचीच, पण उपाशी ठेवलेली. मजकुराच्या स्ट्रिंग नाहीत, दशांश अपूर्णांक नाहीत, आकडेमोड मुख्यतः १६ बिटांची. उलट एक गोष्ट चमत्कारिक वाटेल: वीज गेली तरी प्रोग्राममधले ऑब्जेक्ट तसेच राहतात, कारण ते कायमच्या मेमरीत लिहिलेले असतात. ती मेमरीही लिहून लिहून झिजते. म्हणून कार्डाचे प्रोग्रामर लागणारी सगळी जागा प्रोग्राम बसवतानाच राखून ठेवतात.

पिन तपासणं एवढं अवघड?

हो. समजा प्रोग्राम आधी पिन ताडून बघतो आणि चुकला तर उरलेल्या संधी एकने कमी करतो. वाचायला बरोबर वाटतं. पण वीज रीडरच्या हातात आहे ना! चोराने स्वतःचा रीडर बनवला, चिपच्या वीजवापरावरून पिन चुकल्याचं ओळखलं आणि नवा आकडा लिहिला जाण्याआधीच वीज तोडली, तर संधी कमी होतच नाही. चार अंकी पिनच्या १०,००० शक्यता तो निवांत चहा पीत तपासेल.

म्हणून क्रम उलटा ठेवतात. आधी संधी कमी करायची, मग पिन ताडायचा, बरोबर निघाला तर संधी पूर्ववत करायच्या. ताडतानाही पहिला अंक चुकला म्हणून तिथेच थांबायचं नाही, कारण किती वेळ लागला यावरून कुठला अंक चुकला ते कळतं. जावा कार्डात यासाठी तयार पिन-वर्ग मिळतो. स्वतःचा लिहिण्याच्या भानगडीत शहाणा माणूस पडत नाही.

गणिताचंही तेच. पॉल कोचर यांनी १९९६ मध्ये दाखवलं की हिशोबाला लागणाऱ्या वेळेवरून गुप्त चावी काढता येते. पुढे तीन वर्षांत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वीजवापराच्या आलेखावरूनही ती काढून दाखवली. त्यामुळे आरएसएसारखं गणित प्रोग्रामर स्वतः लिहीत नाही. एका ओळीत ‘चावी तयार कर’ म्हणतो, आणि काम चिप बनवणाऱ्या कंपनीची लायब्ररी करते. सल्ला योग्यच आहे. फक्त ती लायब्ररी आतून कशी आहे हे बहुतेकदा प्रोग्रामरलाही दिसत नाही.

शॉर्टकट नेमका काय होता?

आरएसएच्या २०४८ बिटांच्या चावीसाठी दोन प्रचंड मूळ संख्या लागतात, प्रत्येकी सुमारे ३०८ अंकी. पद्धत साधी: एक आकडा रँडम उचला, मूळ आहे का तपासा, नसला तर पुढचा. छोट्या चिपवर याला बराच वेळ लागतो. इन्फिनिऑन या जर्मन कंपनीच्या लायब्ररीने वेळ वाचवायला युक्ती केली. आकडा कुठूनही न उचलता एका ठराविक साच्यातलेच आकडे घ्यायचे, म्हणजे मूळ संख्या लवकर सापडते.

पुण्यात कुणाचं घर शोधायचंय आणि पत्ताच नाही, तर आयुष्य जाईल. पण पेठ आणि गल्ली कळली तर? साचा माहीत असल्यावर तसंच झालं. २०४८ बिटांची चावी फोडायला एका प्रोसेसर कोअरला जास्तीत जास्त सुमारे १४० वर्षं लागतील, असा अंदाज निघाला. ऐकायला खूप वाटतं, पण हे काम हजारो भाड्याच्या मशीनवर वाटता येतं आणि खर्च २० ते ४० हजार डॉलरच्या घरात येतो. १०२४ बिटांच्या चावीला ९७ दिवस पुरतात. त्यासाठी कार्ड चोरायची गरज नाही, जगाला उघड असलेली सार्वजनिक चावी पुरे. आणि ही लायब्ररी सुरक्षेची नामांकित प्रमाणपत्रं मिळवलेली होती, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

हे पकडलं चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी. २०१६ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या लायब्रऱ्या आणि कार्डांकडून सहा कोटींहून जास्त चाव्या बनवून घेतल्या आणि त्यांची तुलना केली. इन्फिनिऑनच्या चाव्या इतरांपेक्षा वेगळ्या दिसल्या. लायब्ररीचा कोड न बघता, नुसत्या चाव्या बघून त्यांनी साचा ओळखला. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीला कळवलं. एस्टोनियाला मात्र हे कळलं ऑगस्टच्या अखेरीस, स्थानिक निवडणुका दीड महिन्यावर असताना.

सरकारने सार्वजनिक चाव्यांची यादी बंद केली, ऑनलाइन मतदान होऊ दिलं आणि तोवर सुटकेचा रस्ता तयार केला. त्याच चिपमध्ये एलिप्टिक कर्व्ह या दुसऱ्या गणिताचीही सोय होती आणि त्यात हा साचा नव्हता. लोकांना नवं कार्ड घ्यावं लागलं नाही. घरच्या कॉम्प्युटरला रीडर जोडून किंवा सेवा केंद्रात जाऊन ३१ मार्च २०१८ पर्यंत जुन्याच कार्डात नव्या चाव्या भरून घेता आल्या.